ऊन, पाणी आणि रंग
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात मानखुर्द येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनात ज्ञातीचा इतिहास, विवाहखर्चाचे नियमन किंवा विद्यार्थिनिधी यांपैकी एखाद्या विषयावर व्याख्यान व्हावे, असा आजवरचा प्रघात आहे. हा प्रघात मोडून आज आम्ही एका शास्त्रीय विषयावर बोलणार आहोत, याबद्दल वडीलधाऱ्या मंडळींची प्रथमच क्षमा मागतो. तथापि हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो आपल्या दाराशी आपण होऊन आला आहे, आणि त्यावर संस्थेच्या पैशाचा निर्णय अवलंबून आहे.

गोष्ट अशी झाली. आपल्या सभागृहाच्या व विद्यार्थ्यांच्या अभ्यासिकेच्या पाण्याच्या टाक्यांना आतून एक पांढरा लेप द्यावा, त्यावर ऊन पडले की पाण्यातील सर्व जंतू व सर्व विषारी द्रव्ये नष्ट होतात, पुन्हा औषध घालणे नको, वीज नको, काही नको, असा प्रस्ताव एका विक्रेत्याने कार्यकारी मंडळापुढे मांडला. त्याने प्रयोगही करून दाखविला. काचेच्या बरणीत निळे पाणी घेतले, त्यात चिमूटभर पांढरी पूड टाकली आणि बरणी गच्चीवर उन्हात ठेवली. तास-दीड तासात पाणी निवळले, निळा रंग दिसेनासा झाला. उपस्थितांनी टाळ्या वाजविल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतील आपल्या एक वयोवृद्ध काकू म्हणाल्या, “अहो, निळीच्या रांजणातही नीळ निळी दिसत नाही. म्हणून ती गेली असे कोणी म्हणते काय?”

सभेत हशा पिकला. पण आम्ही महाविद्यालयात तीस वर्षे रसायनशास्त्र शिकविले, आणि आम्हांस त्या क्षणी जे सुचावयास हवे होते ते आमच्याआधी काकूंना सुचले, हे आम्ही येथे मोकळ्या मनाने कबूल करतो. आजचे व्याख्यान म्हणजे काकूंच्या त्या एका वाक्याचा विस्तार आहे, असे समजण्यास हरकत नाही.

आपली ज्ञाती मूळची रंगाऱ्यांची. हिरडा, तुरटी, मंजिष्ठ, आल आणि नीळ या पाच नावांत आपल्या पूर्वजांचे सगळे रसायनशास्त्र सामावलेले होते. नीळ ही पाण्यात विरघळत नाही. म्हणून ती रांजणात आंबवून तिचे रूप पालटावे लागते. त्या रूपात ती पाण्यात विरघळते आणि हिरवट-पिवळी दिसते. कापड बुडवून बाहेर काढले की वारा लागताच ते पाहता पाहता निळे होते. रांजणातला निळा रंग नाहीसा झाला होता खरा, पण नीळ कोठेही गेलेली नव्हती. तिने केवळ वेष पालटला होता. प्रयोगशाळेत ज्या निळ्या द्रव्याने असे प्रयोग दाखवितात, त्या मेथिलीन ब्लूचाही हाच स्वभाव आहे. त्याचेही एक रंगहीन रूप आहे आणि हवा लागली की ते पुन्हा निळे होते. तेव्हा रंग उडाला म्हणजे द्रव्य नष्ट झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि द्रव्य नष्ट झाले तरी जंतू मेले, असे तर त्याहूनही म्हणता येत नाही. रंगाऱ्याच्या घरात जे पोरासोरांस ठाऊक होते, त्याचा विसर शिकल्यासवरल्या सभेस पडला, याचे आम्हांस नवल वाटले आणि थोडी लाजही वाटली.

परंतु एवढ्यावरून तो विक्रेता केवळ लबाड होता, किंवा ती पांढरी पूड म्हणजे निव्वळ थोतांड, असे आम्ही म्हणत नाही. त्या पुडीमागे खरे आणि फार मनोहर असे शास्त्र आहे. त्याची हकिकत आता सांगतो.

ऊन लागले की रंग उडतो, हे आपणांस सांगावयास नको. सूर्यप्रकाशात जंतूंना मारण्याची शक्ती आहे, हे डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी १८७७ साली प्रयोगाने दाखविले. प्रकाशकिरणांनी त्वचेच्या क्षयावर उपचार केल्याबद्दल डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. इटलीतील बोलोन्याचे प्राध्यापक चामिचान यांनी १९१२ साली न्यूयॉर्क येथे रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत असे प्रतिपादन केले की, खाणीतील कोळसा म्हणजे साठवून ठेवलेले जुने ऊन आहे. ते कधीतरी संपणारच. म्हणून आज पडणाऱ्या उन्हाला कामास लावण्याची विद्या मनुष्याने झाडांपासून शिकावी. शंभरांहून अधिक वर्षे लोटली, तरी त्या शिकवणीचा धडा अजून पुरा गिरवून झालेला नाही.

ती पांढरी पूड म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. नाव परके असले, तरी वस्तू घरातली आहे. भिंतीच्या पांढऱ्या रंगात, कागदात, प्लॅस्टिकमध्ये, दंतमंजनात ती असते. ती ज्या खनिजापासून करतात त्या इल्मेनाइटची काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहे आणि केरळात तर विपुल आहे. तिरुवनंतपुरम येथे हा पांढरा रंग तयार करणारी कंपनी १९४६ साली स्थापन झाली. या पांढऱ्या रंगात एक खोड असल्याचे रंगकाम करणाऱ्यांच्या फार पूर्वीच ध्यानात आले होते. उन्हात काही वर्षे राहिलेल्या भिंतीवरून हात फिरविला की खडूसारखी पूड हाताला लागते. रंगाला भिंतीशी धरून ठेवणारे तेल किंवा राळ ही पूडच उन्हाच्या साह्याने हळूहळू खाऊन टाकते. लंडनमध्ये गुडीव्ह आणि किचनर यांनी १९३८ साली दाखविले की, या पुडीच्या सान्निध्यात प्रकाश पडला म्हणजे रंगद्रव्ये फिकी पडतात आणि पूड मात्र जशीच्या तशी राहते. स्वतः खर्च न होता दुसऱ्याचे कार्य घडवून आणणाऱ्या द्रव्यास आपण उत्प्रेरक म्हणतो. प्रकाशाने जागा होणारा तो प्रकाश-उत्प्रेरक.

रंगवाल्यांनी ज्यास खोड म्हटले, त्याचाच जपानी संशोधकांनी गुण केला. टोकियो विद्यापीठात प्राध्यापक होंडा यांच्या हाताखाली काम करणाऱ्या अकिरा फुजिशिमा या तरुण विद्यार्थ्याने टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात ठेवून त्यावर प्रकाश टाकला, तेव्हा त्यातून वायूचे बुडबुडे निघू लागले. तारेने जोडलेल्या प्लॅटिनमच्या तुकड्यापाशी हायड्रोजन आणि स्फटिकापाशी ऑक्सिजन, असे पाण्याचे विघटन होत होते. १९७२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी जगात तेलाची टंचाई उद्भवल्यामुळे सर्वांचे लक्ष तिकडे वेधले. १९७७ साली अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड यांनी याच पुडीने पाण्यातील सायनाइड नष्ट करता येते, असे दाखविले. १९८५ साली जपानमध्ये मात्सुनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या योगे जंतूही मरतात, हे सिद्ध केले. येणेप्रमाणे स्वच्छ पाणी, निर्जंतुकता आणि सौरऊर्जा या तिन्ही वाटा एकाच पांढऱ्या पुडीतून फुटल्या.

हे घडते कसे, ते थोडक्यात सांगतो. टायटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक आहे. त्यातील इलेक्ट्रॉन एका खालच्या पायरीवर बसलेले असतात. वरच्या पायरीवर जाण्यास ठरावीक ऊर्जेचा उंबरठा ओलांडावा लागतो. पुडीच्या नेहमीच्या प्रकारात हा उंबरठा ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतका उंच आहे. एवढे बळ ज्याच्या अंगी आहे असा प्रकाशकण आदळला की इलेक्ट्रॉन वर उडी घेतो आणि त्याच्या मागे एक रिकामी जागा राहते. ही रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत तापट मूलक जन्मास येतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यातील ऑक्सिजनशी संयोग पावून आणखी एक दाहक रूप निर्माण करतो. हे दोघे मिळून जंतूच्या बाह्य आवरणास भोके पाडतात आणि सेंद्रिय द्रव्यांचे तुकडे करीत जातात. काम शेवटास गेले, तर हाती कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार एवढेच उरते.

“काम शेवटास गेले तर” या चार शब्दांकडे आपण लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. विक्रेत्याच्या पत्रकात हे चार शब्द नव्हते. आणि या संशोधनास पन्नासांहून अधिक वर्षे होऊनही त्याचा घरोघर प्रसार का झाला नाही, याचे उत्तर त्यांतच आहे.

पहिली अडचण उंबरठ्याची. ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा उंबरठा म्हणजे सुमारे ३८८ नॅनोमीटरहून आखूड लांबीच्या लहरी हव्यात. हे किरण अतिनील होत. जुन्या पुस्तकांतून त्यांस जंबुपार म्हणत. जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात यांचा वाटा शंभरात चार-पाचच असतो. उरलेले पंचाण्णव भाग या पुडीच्या दृष्टीने अंधारच. दुसरी अडचण अशी की, उडी घेतलेले बहुतेक इलेक्ट्रॉन काही काम न करता पुन्हा आपल्या रिकाम्या जागी परत येतात. तिसरी अशी की, हायड्रॉक्सिल मूलकाचे आयुष्य सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही अल्प असते. म्हणून पुडीच्या कणास जे चिकटले तेवढेच त्याच्या तडाख्यात सापडते. पूड पाण्यात मिसळली तर काम चांगले होते, पण मग तिचे अतिसूक्ष्म कण पाण्यातून गाळून काढणे जड जाते. ती भिंतीस लेपली तर गाळण्याचा त्रास वाचतो, पण टाकीच्या मध्यभागी असलेल्या पाण्यास तिचा स्पर्शच होत नाही. चौथी अडचण पाण्यातील क्षारांची. क्लोराइड आणि कार्बोनेट हे त्या मूलकांना वाटेतच अडवितात. आणि शिसे, आर्सेनिक, फ्लोराइड यांच्यापुढे तर मूलकांचा इलाजच चालत नाही. ही मूलद्रव्ये आहेत. ती जाळून राख करता येत नाहीत.

पाचवी अडचण आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. काम अर्ध्यावर राहिले, तर मूळ द्रव्य नाहीसे होऊन त्याच्या जागी दुसरीच काही द्रव्ये तयार झालेली असतात, आणि ती मूळ द्रव्याहून निरुपद्रवी असतीलच, असे नाही. म्हणून जबाबदार संशोधक केवळ रंग पाहत नाहीत. पाण्यात सेंद्रिय कार्बन एकूण किती उरला, हे ते मोजतात. काकूंचा प्रश्न म्हणजे हीच कसोटी होय.

आता आपल्या मुंबईत या बाबतीत काय झाले, ते पाहू. माटुंग्याच्या ज्या संस्थेस आज इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणतात, ती १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली, आणि आरंभीच्या तिच्या दोन शाखांपैकी एक वस्त्ररसायनाची, म्हणजे आपल्याच धंद्याची, होती. रंगद्रव्यांच्या रसायनाचे जगन्मान्य पंडित डॉ. वेंकटरामन हे तिचे पहिले भारतीय संचालक. पुढे १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. याच माटुंग्याच्या संस्थेत प्राध्यापक विश्वास पांगारकर यांनी डॉ. धनंजय भाटखंडे आणि नेदरलँड्सचे प्राध्यापक बेनाकर्स यांच्यासह प्रकाश-उत्प्रेरणाचा सविस्तर आढावा २००२ साली प्रसिद्ध केला. नायट्रोबेंझीनसारख्या चिवट द्रव्याचे विघटन साध्या दिव्याखाली न करता आरशांनी एकवटलेल्या खऱ्या उन्हात करून पाहण्याचे काम त्यांनी केले. त्याच संस्थेचे प्राध्यापक पराग गोगटे आणि प्राध्यापक अनिरुद्ध पंडित यांनी सांडपाण्याच्या शुद्धीकरणाच्या नव्या पद्धतींचे परीक्षण २००४ साली प्रसिद्ध केले. जगभरचे अभ्यासक त्याचा आधार घेतात. पुण्याच्या सी-मेट या सरकारी संस्थेतील डॉ. भारत काळे आणि त्यांच्या कोरियातील सहकाऱ्यांनी २००६ साली कॅडमियम आणि इंडियम यांच्या सल्फाइडचे असे सूक्ष्म कण तयार केले की, ते भिंगाखाली झेंडूच्या फुलासारखे दिसतात. ते अतिनीलाची वाट न पाहता डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशातच काम करतात आणि दुर्गंधी हायड्रोजन सल्फाइडपासून हायड्रोजन मिळवून देतात. झेंडूचे फूल मात्र कॅडमियमचे आहे, आणि कॅडमियम विषारी. तेव्हा ते पिण्याच्या पाण्यात नव्हे, तर कारखान्यातच शोभावे.

आपल्या मानखुर्दच्या शेजारीच तुर्भ्यास अणुशक्तीचे केंद्र आहे. निर्जंतुकीकरणाचा खरा अर्थ काय, हे समजून घेण्यास लांब जावयास नको. तेथे १९७४ साली आयसोमेड नावाचा प्रकल्प सुरू झाला. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूचे गॅमा किरण बंद खोक्यांतून आरपार जातात आणि शस्त्रक्रियेचे धागे, सुया, हातमोजे ही वैद्यकीय सामग्री वेष्टनासकट निर्जंतुक होते. निर्जंतुक म्हणजे एकही जिवंत जंतू उरता कामा नये. ही कसोटी फार कठोर आहे. अतिनील किरण आणि पांढरी पूड यांची मजल तेथवर जात नाही, कारण त्यांचे सामर्थ्य सावलीच्या कडेशी संपते. पिण्याच्या पाण्यास इतकी कठोर कसोटी लागतही नाही. त्यातील रोगकारक जंतू गेले म्हणजे पुरे. ‘निर्जंतुक’ आणि ‘पिण्यास निर्धोक’ हे दोन शब्द विक्रेत्याने एकाच अर्थी वापरले होते. याच केंद्रातील शास्त्रज्ञांनी विजेवाचून चालणारी, जंतू अडविणारी सूक्ष्मछिद्री पटलाची घरगुती गाळणीही तयार करून तिचे तंत्र उद्योजकांना दिले आहे, हेही येथे नमूद करणे अगत्याचे आहे.

ऊर्जेसंबंधी दोन शब्द सांगून पाण्याकडे परत येतो. जपानमध्ये प्राध्यापक डोमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाश-उत्प्रेरकाची १०० चौरस मीटरची पत्री उघड्या आकाशाखाली मांडून पाण्यापासून हायड्रोजन मिळविला आणि २०२१ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मोठी कौतुकाची गोष्ट. परंतु त्यांची सर्वोच्च कार्यक्षमता ०.७६ टक्का होती. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट ऊन पडते, असे धरले, तर १०० किलोवॅट उन्हातून हाती पाऊण किलोवॅट आला. त्याच जागेत सिलिकॉनच्या साध्या पत्र्या लावल्या असत्या, तर वीस किलोवॅट वीज मिळाली असती. हायड्रोजन साठविता येतो आणि वीज साठविणे खर्चाचे आहे, हा फरक मान्य करूनही अंतर मोठे आहे. आपल्या जुन्या धंद्याचा एक धागा मात्र येथेही सापडतो. १९९१ साली स्वित्झर्लंडमध्ये ओरेगन आणि ग्रेत्सेल यांनी याच पांढऱ्या पुडीला रंग चढविला आणि त्या रंगाकडून ऊन पकडवून सुमारे ७ टक्के कार्यक्षमतेने वीज निर्माण केली. कापडाऐवजी पूड रंगविली, इतकेच. पवईच्या आय.आय.टी.मध्ये सौरविजेच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र २०१० साली स्थापन झाले आहे. ते येथून फार दूर नाही. आपल्या मुलांनी ते एकदा अवश्य पाहावे.

आता आपल्या टाकीविषयी. १९९२ साली लोहमार्ग खाडी ओलांडून वाशीस जाईपर्यंत मानखुर्द हे शेवटचे स्थानक होते, आणि पाण्याच्या बाबतीत आपण अजूनही नळाच्या शेवटच्या टोकास राहत असल्यासारखे आहोत. मुंबईचे पाणी सात तलावांतून येते. ते वाटेत शुद्ध केले जाते आणि त्यात क्लोरीन घातले जाते. परंतु पुरवठा काही तासांपुरताच असल्यामुळे उरलेल्या वेळी नळ रिकामे असतात, आणि रिकाम्या नळास कोठे फट असली की बाहेरची घाण आत ओढली जाते. पुढे तेच पाणी पिंपात व टाकीत साठते, त्यात हात व भांडी बुडतात. शुद्ध निघालेले पाणी घरी येता येता व घरात राहून बिघडते, हे आपले खरे दुखणे आहे. पावसाळ्यात कोणाकोणाच्या घरी जुलाब व कावीळ होतात आणि शाळेत पोरांची गैरहजेरी किती वाढते, हे येथील माताभगिनींना आमच्याहून अधिक ठाऊक आहे.

या दुखण्यावर पांढरा लेप कितपत चालेल? आपली टाकी झाकणाची आहे. आत ऊन नाही, म्हणून लेप निजलेलाच राहणार. पारदर्शक झाकण घातले, तर आत शेवाळ माजेल. घराघरांत पाणी सर्वांत जास्त बिघडते ते आषाढ-श्रावणात, आणि त्याच दिवसांत सूर्य ढगाआड असतो. ज्या पहारेकऱ्यास चोर येण्याच्या नेमक्या रात्री झोप लागते, त्यास पगार किती द्यावा, याचा विचार मंडळाने करावा. शिवाय लेप लावलेल्या टाकीतून पाणी बाहेर पडले की त्याचे संरक्षण संपते. क्लोरीनचा थोडा अंश मात्र पाण्याबरोबर नळातून, हंड्यातून, पेल्यापर्यंत सोबत जातो. मूलक चपळ आहे, पण सोबत करणारा नाही. आणि लेप झिजून त्याची पूड पाण्यात उतरली तर काय, याचेही उत्तर मागावयास हवे. कारण हेच द्रव्य खाद्यपदार्थांत मिसळण्यास युरोपीय संघाने २०२२ साली बंदी केली आहे.

मग उन्हाचा काहीच उपयोग नाही काय? आहे, आणि तो पुडीवाचूनही आहे. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील आफ्तिम आक्रा यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत दाखविले की, निवळ पाणी पारदर्शक बाटलीत भरून उन्हात ठेवले, तर रोगजंतू मरतात. पुढे स्वित्झर्लंडमधील जलसंशोधन संस्थेने ही पद्धत तपासून जगभर तिचा प्रसार केला. नियम सोपे आहेत. बाटली स्वच्छ, रंगहीन व ओरखडे नसलेली असावी. पाणी गढूळ असल्यास आधी निवळावे किंवा गाळावे. बाटली पत्र्यावर आडवी ठेवून सहा तास कडक ऊन द्यावे; आकाश अर्धेअधिक ढगाळ असल्यास दोन दिवस ठेवावे; आणि सतत पाऊस असल्यास या पद्धतीच्या भरवशावर मुळीच राहू नये, पाणी उकळावे अथवा औषध घालावे. पाणी त्याच बाटलीतून प्यावे, म्हणजे पुन्हा हात लागत नाही. या पद्धतीने रसायने जात नाहीत, हे ध्यानात ठेवावे. खर्च मात्र शून्य आहे.

तेव्हा आमची मंडळास नम्र सूचना अशी. लेपाचा प्रस्ताव तूर्त स्वीकारू नये. त्याऐवजी टाक्या वर्षातून दोनदा रिकाम्या करून धुवाव्यात, झाकणे व जाळ्या दुरुस्त कराव्यात, क्लोरीनचे प्रमाण ठेवण्याची जबाबदारी नावानिशी एका सभासदाकडे द्यावी, आणि पावसाळ्याच्या आरंभी, मध्ये व अखेरीस पाण्याचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून निकाल सूचनाफलकावर लावावा. विक्रेत्यास दारातून हाकलून लावू नये. त्यास तीन प्रश्न विचारावेत. रंग नव्हे, तर जंतू किती उरले, हे कोणी मोजले? ढगाळ दिवशी काय होते? आणि लेप किती वर्षे टिकतो, हे कोणत्या तपासणीवरून ठरविले? या तिन्हींची लेखी उत्तरे आली, तर आम्ही स्वतः मंडळापुढे येऊन आमचे मत बदलू.

वाचलेल्या पैशाचे काय करावे, हेही सांगतो. आपल्या ज्ञातीवर एकदा मोठा आघात झाला आहे. मंजिष्ठेचा तांबडा रंग जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ साली प्रयोगशाळेत तयार केला आणि १८९७ साली कारखान्यातील नीळ बाजारात आली. पुढच्या काही वर्षांत आपले रांजण कोरडे पडले. आमच्या आजीने सासरच्या घरी तो रांजण पालथा घातलेला पाहिला होता. त्यावर बसून ती धान्य निवडीत असे. आपल्या पूर्वजांच्या हाती विद्या नव्हती, असे नाही. परंतु त्या विद्येचे कारण काय, हे विचारणारी शाळा त्यांस मिळाली नाही, आणि ज्यांना ती मिळाली, त्यांनी बाजार नेला. आज ऊन, पाणी व रंग या आपल्याच तीन जुन्या वस्तूंवर नवे शास्त्र उभे राहात आहे. पंचाण्णव टक्के उन्हाला जागे होणारी, विषारी नसलेली, पाण्यात न विरघळणारी आणि स्वस्त पूड अजून कोणास साधलेली नाही. ती साधण्यास कोणाची ज्ञाती आड येत नाही.

दुसरीही एक बाजू आहे, आणि ती सांगताना आम्ही स्वतःस वगळीत नाही. आपल्यापैकी कित्येकांचे आजही रंगाईचे व धुलाईचे कारखाने आहेत. त्यांतून बाहेर पडणारे तांबडे-निळे पाणी कोणत्या तरी नाल्यात, नदीत, खाडीत जाते. खाडीकाठच्या माणसास ते पाणी दिसते, आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक. कापड रंगविण्याचे श्रेय आपण घेतो. पाणी रंगविल्याचे ऋणही आपलेच आहे. ते फेडण्यास जादूच्या लेपाची वाट पाहण्याचे कारण नाही. सांडपाण्यावर आज उपलब्ध असलेली प्रक्रिया चोख करणे, हा पहिला हप्ता. आणि त्यातून जे चिवट रंग उरतात, त्यांच्यासाठी हे नवे शास्त्र उद्या उपयोगी पडेल, असा संभव आम्हांस पिण्याच्या पाण्यापेक्षाही येथे अधिक दिसतो.

म्हणून टाकीच्या लेपासाठी जी रक्कम बाजूस काढली आहे, तीतून पाण्याच्या तपासणीचा खर्च भागवून उरलेल्या रकमेची एक शिष्यवृत्ती ठेवावी. आपल्या ज्ञातीतील जी मुलगी अथवा मुलगा रसायनशास्त्र वा पदार्थविज्ञान घेऊन संशोधनाकडे वळेल, त्यास ती द्यावी. अट एकच असावी. वर्षातून एकदा त्याने येथे येऊन आपण काय केले, हे या सभेस सोप्या मराठीत सांगावे, आणि मागच्या रांगेतून येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

काकू आज सभेस उपस्थित आहेत. त्यांनी आमचे व्याख्यान शांतपणे ऐकून घेतले, यावरून ते फारसे चुकले नसावे, असे आम्ही समजतो.